सांगायचंय की थांबायचंय

समुपदेशनात येण्याआधी नऊ वर्षं मी लोकांचे कान तपासत होते. आवाजबंद खोली, समोरच्याच्या कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीकसा आवाज आला की त्यानं बटण दाबायचं. 250 हर्ट्झच्या खालच्या पट्टीपासून 8000 हर्ट्झच्या वरच्या पट्टीपर्यंत तपासत जायचं आणि आलेखावर उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळी फुली काढायची. ते काम मला मनापासून आवडायचं.

एकदा एक बाई नवऱ्याला घेऊन आल्या. "काहीही सांगा, यांना ऐकूच जात नाही." आलेख काढला तर दोन्ही कान ठणठणीत. मी आनंदानं रिपोर्ट पुढे केला आणि बाईंचा चेहराच उतरला. कानात दोष निघाला असता तर त्यांना हायसं वाटलं असतं! त्या दोघांना देण्यासारखं माझ्याकडे पुढे काही नव्हतं, आणि तो चेहरा काही केल्या डोक्यातून जाईना. मानसशास्त्राची पदव्युत्तर पदवी, मग वरिष्ठांच्या देखरेखीखाली जोडप्यांसोबत काम, असं करत मी या खुर्चीत आले ती त्या बाईंमुळे.

मी स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात विकसित केलेल्या भावनाकेंद्री पद्धतीनं काम करते. भांडणात कोण बरोबर, हा प्रश्न तिथे मागे पडतो. एक जण मागे लागतो, टोचतो. दुसरा मिटून घेतो. तो मिटतो म्हणून पहिला आणखी टोचतो. हे चक्र दोघांना दिसलं पाहिजे, आणि टोचण्याच्या आत जी हाक असते ती समोरच्यापर्यंत पोचली पाहिजे. 'तू आहेस ना माझ्यासाठी?' एवढीच असते बहुतेकदा ती हाक.

ज्यांच्याबद्दल आज लिहितेय ते दोघं आले तेव्हा मला ते चक्र पहिल्या दहा मिनिटांत दिसलं. (ओळख पटणार नाही इतके तपशील बदललेत, आणि लिहायला दोघांची परवानगी आहे.) पन्नाशीच्या आसपासचं जोडपं. ती बोलायची, तो जमिनीकडे बघत बसायचा. "अकरा वर्षं मी भिंतीशी बोलतेय," ती म्हणाली. मी वहीत लिहिलं, 'माघार घेणारा'. सहा सेशन त्या एका शब्दावर काढली.

एक खूण मात्र माझ्या डोळ्यांसमोर होती. जॉन गॉटमन आणि रॉबर्ट लेव्हनसन या मानसशास्त्रज्ञांनी जोडप्यांना उपकरणं लावून, ती वाद घालत असताना त्यांच्या हृदयाचे ठोके मोजले होते. भिंत होऊन बसलेला माणूस बाहेरून थंड दिसतो, पण आत बहुतेकदा त्याचं काळीज धडधडत असतं. नाडी मिनिटाला 100 च्या पुढे गेली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही, म्हणून मी अशा वेळी निदान वीस मिनिटं थांबवते. त्यासाठी बोटाला लावायचं छोटं यंत्र टेबलावर असतंच. चौथ्या सेशनला ती रडत बोलत होती तेव्हा त्याच्या बोटावर आकडा होता 74. मी तो बघितला, वहीत टिपला आणि मनाशी म्हटलं, हा फारच आत गेलाय.

सातव्या सेशनला ती रडायला लागली, म्हणून टिश्यूचा डबा घ्यायला मी मागे वळले. वळल्या वळल्याच त्याला विचारलं, "तुम्हाला अजून सांगायचंय का?"

तो म्हणाला, "थांबू की. मला घाई नाही."

"बघा! बघितलंत? हे असं असतं रोज," ती उसळली. "मुद्द्याचं विचारलं की भलतंच!"

मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले. सांगायचंय, थांबायचंय. स आणि थ. पाठमोरीच राहून मी आणखी दोन साधे प्रश्न विचारले. एकाला चुकीचं उत्तर आलं, दुसऱ्याला आलंच नाही. मग वळून, त्याच्या तोंडाकडे बघत तेच विचारले. दोन्ही उत्तरं बरोबर. ती कायम खाली मान घालून किंवा खिडकीकडे बघत बोलायची. आणि तो दर वेळी गप्प व्हायचा तो नेमका तेव्हा.

त्या आठवड्यात त्याच्या कानांची तपासणी झाली. आलेख 1000 हर्ट्झपर्यंत ठीक, 2000 नंतर घसरगुंडीसारखा खाली, म्हणजे वरच्या पट्टीतलं ऐकणं कमी. अशा माणसाला आवाज ऐकू येतो, म्हणून आपल्याला ऐकू येत नाही हे त्याला पटतच नाही. स्वर पोचतात, स, श, फ, थ हे गळतात आणि शब्दाची नुसती सावली उरते. नऊ वर्षांत असे आलेख मी किती काढले असतील! आणि तरी सहा सेशन मी त्या माणसाच्या कानांचा विचारसुद्धा केला नाही. हे मला आजही लागतं. त्या दोघांची मी माफी मागितली. आता पहिल्या भेटीत प्रत्येकाला झोप, औषधं, नजर आणि कान यांबद्दल विचारते.

तिला आनंद होईल असं मला वाटलं होतं. ती रिपोर्टकडे बघत राहिली. "मग इतकी वर्षं मी कोणावर रागावत होते?" तिला फसल्यासारखं वाटत होतं, आणि मला ते रास्त वाटलं. एका कागदानं तिचा राग खोटा ठरवला होता, पण ज्या रात्री ती एकटी रडली त्या खऱ्याच होत्या. पुढची दोन सेशन आम्ही त्या रात्रींवरच बोललो, तो श्रवणयंत्र लावून, ती त्याच्याकडे तोंड करून.

तिसऱ्या सेशनला तो आपणहून बोलला. "एक सांगतो. काही वेळा मला नीट ऐकू यायचं. तरी मी न ऐकल्यासारखं केलं."

मला वाटलं, आता सगळं कोसळणार. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिनं खुर्ची त्याच्याकडे ओढली.

"मला कळायचं ते," ती म्हणाली. "कोणत्या वेळी, ते सांग."

तो सांगू लागला. वेळ संपली होती. मी घड्याळ उपडं करून ठेवलं.