म्हातारीला मिरवायचंय

आमच्या बोटीला वॉर्निश लागतं ते मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारच्या धाकाने. त्या दिवशी सिॲटलमध्ये बोटींच्या हंगामाची सुरुवात होते. सकाळी वल्ह्यांच्या शर्यती होतात आणि दुपारी बारा वाजता पोर्टेज बेमधून बोटींची मिरवणूक निघते. मॉन्टलेक कट नावाच्या चिंचोळ्या कालव्यातून एकामागोमाग एक बोट पुढे सरकते आणि युनियन बेमधून लेक वॉशिंग्टनमध्ये जाते. कालव्याच्या दोन्ही काठांवर पाय ठेवायला जागा नसते. ही तारीख नसती तर आमची म्हातारी केव्हाच कुजली असती, हे माझं ठाम मत आहे. कोकणात गणपती येत नसते तर किती घरांच्या भिंतींना दरवर्षी रंग लागला असता, सांगा. तसंच हे.

म्हातारी म्हणजे आमची बोट. १९२८ साली लेक युनियनच्या काठावर बांधलेली, ४२ फुटी, डग्लस फरच्या फळ्या आणि ओकच्या फासळ्या. त्या काळात इथे अशा बऱ्याच बोटी बांधल्या गेल्या. त्याआधी मोटरबोट म्हणजे श्रीमंतांचा थाट, चालवायला पगारी माणसं हवीत. या बोटी डॉक्टर, वकील, दुकानदार अशांसाठी होत्या. नवरा-बायको आणि मुलं मिळून स्वतः चालवतील, आत झोपतील, चुलीवर रांधतील आणि शनिवार-रविवारी पुजेट साउंडच्या बेटांवर जाऊन येतील, एवढ्या बेताच्या. लेक युनियन ड्रायडॉक कंपनीने तर आपल्या बोटींना ‘ड्रीमबोट’ असंच नाव दिलं होतं. पुढचा डेक उंच उचललेला असतो, त्यामुळे आतल्या खोलीत ताठ उभं राहता येतं. लांबून बघितलं तर बोट जराशी नाक वर करून चालल्यासारखी दिसते.

केबिन सागवानी आहे. बाबा वेंगुर्ल्याहून आले होते तेव्हा त्यांना इंजिन, रेडिओ, स्वयंपाकघर सगळं दाखवून झालं. त्यांनी मात्र केबिनच्या चौकटीवर हात फिरवला आणि म्हणाले, “ह्यो साग मां गो?” त्यानंतर त्यांनी दुसऱ्या कशात फारसा रस घेतला नाही.

मालक आम्ही तिघं: मी, माझा नवरा, आणि ज्यांना माझा मुलगा ‘बोटआजोबा’ म्हणतो ते. बोटआजोबांनी आयुष्यभर बोटींच्या कारखान्यात सुतारकाम केलं. गुडघे बोलायला लागल्यावर त्यांनी अर्धा हिस्सा आम्हाला विकला. व्यवहार पैशांचा होता, पण खरी अट वेगळी होती: बूड घासायला आणि बोटीखाली आडवं पडायला आम्ही, डोकं चालवायला ते. गेली काही वर्षं हा करार इमानेइतबारे चालू आहे.

लाकडी बोटीबद्दल लोकांची एक समजूत असते, की खारं पाणी वाईट आणि गोडं पाणी चांगलं. माझीही तीच होती. वस्तुस्थिती जरा वाकडी आहे. खाऱ्या पाण्यात लाकूड पोखरणारा टेरेडो असतो, इंग्रजीत ‘शिपवर्म’. नाव किड्याचं पडलंय, पण असतो तो शिंपल्याच्या जातीतला, आणि फळीला बाहेरून टाचणीएवढं भोक दिसत असताना आतून चाळण झालेली असते. गोड्या पाण्यात तो मरतो. म्हणून १९१७ साली लेक वॉशिंग्टन शिप कॅनॉल रीतसर खुला झाला आणि बॅलर्डच्या लॉकमधून (पाण्याची पातळी वर-खाली करून बोटी नेणाऱ्या दरवाजांतून) समुद्रातल्या बोटी तळ्यात येऊ लागल्या, तेव्हा बोटवाल्यांची चांगलीच सोय झाली. (या कालव्यापायी १९१६ मध्ये लेक वॉशिंग्टनची पातळी जवळजवळ ९ फुटांनी खाली आली आणि ब्लॅक नदी आटून गेली, तो भाग मात्र मिरवणुकीत कुणी आठवत नाही.) पण लाकूड कुजवणारी बुरशी गोड्याच पाण्यावर पोसते. आणि सिॲटलमध्ये गोडं पाणी वरून पडतं, ऑक्टोबर ते एप्रिल, मुकाट्याने, रिपरिप. शत्रू खालून येत नाही, डेकच्या सांध्यातून आणि खिडकीच्या कोपऱ्यातून येतो. जुने लोक फासळ्यांच्या मधल्या पोकळीत जाडं मीठ भरून ठेवायचे, ते याचसाठी. बोटआजोबा अजूनही एक डबा ठेवतात.

म्हणून मिरवणुकीची तयारी सुरू होते मार्चमध्ये, एका लाकडी हातोडीने. बोटआजोबा फळीफळीवर टकटक करत जातात. चांगलं लाकूड टणटणीत वाजतं, कुजलेलं भद्द. आम्ही श्वास रोखून मागे उभे. भद्द आलं की त्या जागी खडूची फुली, आणि फुली म्हणजे डॉलर. यंदा मागच्या बाजूला, अगदी पाण्याच्या रेषेवर, एक फुली आली. फळीचा तेवढा तुकडा कापून नवा बसवायचा ठरला. विमा कंपन्या लाकडी बोट म्हटलं की आधीच नाक मुरडतात, सर्वेक्षकाचा अहवाल मागतात, त्यामुळे हे काम पुढे ढकलण्यात अर्थ नव्हता.

बोट पाण्याबाहेर काढली की घड्याळ लावलंच म्हणून समजा. फार दिवस बाहेर ठेवली तर फळ्या सुकतात, आकसतात, सांधे उघडतात. मग पाण्यात सोडली की गळते, आणि लाकूड फुगून सांधे मिटेपर्यंत पंप चालू ठेवून जागत बसावं लागतं. फळ्यांच्या मधल्या फटीत कापसाची वात ठोकून भरतात. हे काम बघायला सोपं दिसतं. वात सैल राहिली तर पाणी येतं, आणि फार जोरात ठोकली तर फळी फासळीवरून सुटायला बघते. बोटआजोबा मला हातोडीचा आवाज ऐकायला सांगतात, हाताकडे बघू नको म्हणतात. नवऱ्याला अजून वात भरायला दिलेली नाही. तो खाली पडून जुना रंग खरवडतो आणि पॉडकास्ट ऐकतो. त्याची तक्रार नाही.

पण सगळ्यात जास्त वेळ, भांडणं आणि मनस्ताप वॉर्निशचा. उघड्या लाकडाला सहा-सात हात तरी लागतात, दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर, मग धूळ पुसणं, मग पुन्हा हात. उन्हात लावलं तर बुडबुडे धरतात, संध्याकाळी उशिरा लावलं तर दव पडून पांढुरकं होतं, पाऊस आला तर काही विचारूच नका. सिॲटलच्या एप्रिलमध्ये यातलं काहीही कोणत्याही तासाला होऊ शकतं. शिवाय झाडांचे पिवळे परागकण हवेत असतात, आणि ओलं वॉर्निश दिसलं की सगळे तिथेच बसायला येतात. मी ऑफिसच्या मीटिंगा हवामान बघून हलवते. माझ्या मॅनेजरला वाटतं की माझं कुणीतरी आजारी आहे. एका अर्थी खरंच आहे.

आमच्या धक्क्यावर अशा जुन्या बोटी आणखी आहेत, आणि एप्रिलमध्ये तिथलं वातावरण बदलतं. एरवी नुसती मान हलवणारे लोक ब्रश धुता धुता थांबून बोलतात. कुणाचा सँडर कुणाकडे, कुणाचे ब्राँझचे स्क्रू कुणाला. प्रत्येकाचं वॉर्निशचं मत वेगळं आणि प्रत्येकाचंच बरोबर. एक बाई आहेत, त्या बोटीवरच राहतात. त्या सगळ्यांच्या बोटींसमोरून चहाचा कप घेऊन फेरी मारतात आणि एक शब्द न बोलता परत जातात. त्यांनी तुमच्या बोटीसमोर थांबून चहाचा घोट घेतला, तर समजायचं की काम जमलंय. यंदा त्या आमच्यापाशी थांबल्या. नवरा म्हणतो, चहा गरम होता म्हणून फुंकर मारायला थांबल्या. असेल.

मग सजावट. मिरवणुकीला दरवर्षी एक विषय देतात आणि त्याप्रमाणे बोटी नटतात. काही क्लब तर पार पुठ्ठ्याचे किल्ले, राक्षस, वाजंत्री असं सगळं उभं करतात, आणि परीक्षकही असतात. माझ्या मुलाला राक्षस हवा होता. बोटआजोबांचं म्हणणं, जुन्या बोटीने स्वतःच्या अंगावर राक्षस घेऊ नये. ती स्वच्छ असावी, पितळ चकचकीत असावं, बावटे नीट लावलेले असावेत, बस्स. या बाबतीत मी त्यांच्या बाजूने आहे. शंभरीला आलेल्या बाईला पैठणी नेसवा, तिला परीचे पंख कशाला लावता?

तडजोड अशी झाली की राक्षस नाही, पण तोरण चालेल. झेंडू इथे या दिवसांत मिळत नाही, म्हणून कागदाचा. आंब्याची पानंही कागदाची. मुलाने आणि त्याच्या दोन मित्रांनी घरच्या हॉलमध्ये बसून ती कापली, आणि व्हॅक्यूम क्लीनरमधून अजून केशरी पाकळ्या निघतायत. बोटआजोबांचा एकच हुकूम: एकही खिळा नाही, एकही चिकटपट्टी नाही. नव्या वॉर्निशवर लावलेली पट्टी निघताना वॉर्निश घेऊनच निघते. तेव्हा सगळं सुतळीने बांधायचं. सुतळीच्या गाठी मारण्यात मात्र आमच्या घरात कुणी हात धरणारं नाही. वर्षानुवर्षं गणपतीची मखरं बांधलीत.

बावट्यांच्या माळेची गंमत मला यंदा कळली. नाळेपासून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या टोकावरून मागच्या टोकापर्यंत जी रंगीबेरंगी माळ लावतात, ती कशीही ओवायची नसते. प्रत्येक बावटा म्हणजे एक अक्षर किंवा आकडा असतो. दोन चौकोनी आणि मग एक निमुळता, असा क्रम धरतात आणि अक्षरं अशी मिसळतात की रंग सारखे विखुरले जावेत आणि चुकूनही काही निरोप वाचला जाऊ नये. माझ्या मुलाने लगेच विचारलं की मुद्दाम निरोप लावला तर? बोटआजोबांनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो विषय तिथेच संपला. निदान त्यांच्यासमोर तरी.

आईने व्हिडिओ कॉलवर बोट पाहिली आणि पहिला प्रश्न, “नारळ वाढवलात काय?” बोटआजोबांना समजावून सांगितलं. ते गंभीर झाले. नाळेवर? त्या फळीवर? ज्या फळीला आम्ही मार्चपासून जपतोय? शेवटी धक्क्याच्या काँक्रीटवर वाढवायचा ठरला, पाणी नाळेवर शिंपडायचं आणि खोबरं सगळ्यांना वाटायचं. आईला हे पटलं. चहावाल्या बाईंनाही तुकडा मिळेल.

चालवायची धास्ती वेगळीच. मूळचं पेट्रोल इंजिन कधीच गेलं, आता डिझेल आहे, पण बोट ढकलणारा पंखा (प्रोपेलर) एकच आणि नाळेला ढकलणारी छोटी मोटर नाही. मागे घेताना आमच्या म्हातारीचं शेपूट डावीकडे जातं, सुकाणू कितीही फिरवा. मिरवणुकीत इतकं हळू जायचं असतं की इंजिन सगळ्यात मंद ठेवलं तरी आपण पुढच्या बोटीच्या पाठीवर जातो. मग गिअर काढायचा, थोडं वाहत जायचं, पुन्हा टाकायचा. कटच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या भिंती, विद्यापीठाच्या वल्हेवाल्या मुलांनी रंगवलेल्या. बोटींच्या लाटा त्यांच्यावर आपटून उलट येतात आणि पाणी सगळीकडून ढवळून निघतं. वर १९२५ सालचा मॉन्टलेक पूल, त्यावर माणसं, आणि सगळ्यांच्या हातात फोन. सुकाणूवर बोटआजोबा उभे राहणार. मी त्यांच्या शेजारी, गिअरवर. नवरा पुढे डेकवर रबरी फेंडर (धक्का झेलणारी उशी) हातात घेऊन, हसऱ्या चेहऱ्याने. हसरा चेहरा अत्यंत महत्त्वाचा, असं त्याला बजावलंय.

तुम्ही सिॲटलच्या आसपास असाल तर या. गाडी आणू नका, त्या दिवशी मॉन्टलेकच्या बाजूला गाडी लावायला जागा मिळत नाही. लाइट रेलने युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन स्टेशनला उतरा, ते हस्की स्टेडियमला लागूनच आहे, आणि तिथून काठ चालत गाठता येतो. शर्यतींपासूनच गर्दी होते, तेव्हा काठाजवळची जागा हवी असेल तर सकाळीच पोहोचा. सतरंजी, टोपी, छत्री, तिन्ही आणा. जुन्या लाकडी बोटी आल्या की जरा खाली, पाण्याच्या रेषेजवळ बघा. फळ्यांचे सांधे रंगातून पुसट दिसत असतील तर ती खरी लाकडाची. आम्हाला तोरणावरून ओळखालच.

आता उरलाय एकच प्रश्न. डेकवरच्या मंडळींनी निळा कोट आणि पांढरी पँट घालायची इथे पद्धत आहे. निळा कोट आहे. ३६ कंबरेची पांढरी पँट कुणाकडे असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. नवऱ्याचं म्हणणं, लेंगा चालेल.