अर्धा कप चहा

मानसिक आजार असलेल्यांच्या सपोर्ट ग्रुपला पहिल्यांदा गेले तेव्हा मुद्दाम दाराजवळची खुर्ची धरली, म्हणजे कधीही उठून निघता येईल. बायपोलर (कधी झोपेशिवायही अति उत्साह, कधी खोल उदासी, असा आजार) आहे हे कळून आठ महिने झाले होते, घरात आई सोडून कुणालाच माहीत नाही, ऑफिसात टायफॉइड सांगितलेला. आणि चहा आला. त्यावरची लिथियमची गोळी सुरू झाल्यापासून माझा हात थरथरतो, कप बशीवर वाजतो, म्हणून मी बाहेर चहा घेतच नाही. पण तिथल्या काकूंनी काही न विचारता अर्धाच कप भरून दिला, शेजारच्या दादालाही अर्धाच, आणि मग बघितलं तर जवळजवळ सगळ्यांचेच कप अर्धे!! मला रडूच आलं.

काकू 20 वर्षं लिथियमवर आहेत. पोळीभाजी केंद्र चालवतात, मुलीचं लग्न केलं. गोळ्या घेऊन माणसं चांगली राहतात हे डॉक्टरांनी मला कितीदा सांगितलं होतं, पण तसं माणूस समोर बसून बिस्किट खाताना बघितल्यावर ते पहिल्यांदा खरं वाटलं.

काकूंनी एक वर्ष हरितालिका निर्जळी केली होती, दुसऱ्या दिवशी उलट्या, तोल जायला लागला, रक्त तपासलं तर लिथियमची लेव्हल वर गेलेली. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की असं होतं. तेव्हापासून त्या उपास करत नाहीत आणि देवाला चालतं म्हणतात. लेव्हलची टेस्ट रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी करायची, आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर मनाने घ्यायची नाही, हे मी डॉक्टरांकडे ऐकलं होतं पण डोक्यात राहिलं ते काकूंमुळे.

मार्चमध्ये मी सलग तीन रात्री तीन-तीन तास झोपले आणि तरी एकदम फ्रेश, रात्री दोनला कपाटं आवरत होते, नवीन बिझनेसचा प्लॅन लिहित होते. शनिवारी ग्रुपमध्ये भरभर बोलायला लागले तर दादाने एवढंच विचारलं, झोप किती होतेय? मी जाम चिडले. तो म्हणाला, चीड, मीपण असाच चिडलो होतो, पण सोमवारची वाट बघू नको, आजच फोन कर. केला. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि यावेळी अॅडमिट व्हावं लागलं नाही. मागच्या वेळी 17 दिवस होते.

ग्रुपमुळे सगळं सुटतं असं नाही, एक मुलगी यायची बंद झाली, फोनही उचलत नाही, तिची काळजी वाटते. आणि रात्री तीनला ग्रुप नसतो, त्यासाठी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर फ्रिजवर लावलाय, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आईला मी दादाचा प्रश्न सांगितला. आता ती दिवसातून दहादा गोळी घेतलीस का विचारत नाही. सकाळी एकदाच विचारते, किती वाजता झोपलीस, आणि मी खरं सांगते.