पश्चिमेच्या भिंतीतली तुळई

दापोलीकडचं गाव, जांभ्याच्या भिंतींचं देऊळ आणि पुढे लाकडी सभामंडप. मंडप गळतो, कौलं बदलून द्या, एवढंच देवस्थान मंडळाचं म्हणणं होतं.

मार्चात कौलं उतरवली. एकाच्या पाठीवर १८६५ हे साल निघालं आणि मंडप तेव्हाचा असल्याची बातमी दुपारपर्यंत गावभर झाली. ते साल बासेल मिशन या ख्रिस्ती संस्थेच्या मंगळूरच्या कौल कारखान्याचं. कारखाना तेव्हा निघाला आणि ठशात ते साल पुढेही राहिलं. कौलावरून इमारतीचं वय काढू नये.

फुटकी कौलं जेमतेम चाळीस आणि कुजलेल्या रिपा सात. एवढ्यात काम आटपलं असतं, पण सुताराने सवयीने तुळया ठोकून पाहिल्या. पश्चिमेकडची मध्ये टणक वाजली, भिंतीजवळ बद्द. ‘अहो, ती तर ठणठणीत आहे,’ गुरवकाका म्हणाले. खालून तशीच दिसत होती. टोकाला पटाशी टेकवली तर मुठीपर्यंत आत गेली. बाहेर आला ओल्या तपकिरीसारखा भुगा.

कारण भिंतीवर होतं. कधीतरी चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केलेला, वर ऑइलपेंट. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. सिमेंटला केसासारख्या भेगा पडतात, समुद्राकडचा पाऊस त्यातून आत शिरतो, पण बाहेर पडायला वाट राहत नाही. मग चिऱ्याला लोणा, म्हणजे मिठाचा पांढरा थर, लागतो, पोपडे सुटतात आणि भिंतीत बसवलेलं तुळईचं टोक चार महिने ओल्यात राहतं.

टेकू आणि जॅक लावून आधी छपराचा भार काढला. हे टाळून तुळई कापली की आढं, म्हणजे छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड, खाली बसतं. टोक सव्वा फूट मागे, निरोगी लाकूड लागेपर्यंत कापलं आणि वाळलेल्या सागाचा तुकडा तिरक्या खाचेने जोडला. जोडाची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत साधं लोखंड गंजून फुगतं आणि लाकूड फोडतं. टोकाभोवती बोटभर पोकळी सोडली, हवा खेळायला.

सिमेंट मात्र छिन्नी-हातोडीनेच काढलं. ब्रेकर यंत्राने चिऱ्याची कातडीही निघते. चुना महिनाभर भिजवलेला, एकास तीन वाळू. खाडीची वाळू स्वस्तात मिळत होती, ती नाकारली, कारण तिच्यातलं मीठ पुन्हा भिंतीतच गेलं असतं. गिलावा पातळ थरांत, मधे ओल्या गोणपाटाने झाकून. घाईने जाड थर दिला तर तडकतो.

मंडळाने ऑइलपेंटचे आठ डबे आधीच आणून ठेवले होते. ते दुकानदाराने कुरकुरत परत घेतले.