माळ्याचं भाडं

दुपारची जेवणं उरकलेली असतात, ओटा पुसून झालेला असतो. पंख्याखाली आडवं व्हायचं आणि डोळा लागेपर्यंत फोन चाळायचा, अशी ती वीस मिनिटं. नेमकी तेव्हाच गुगलची सूचना येते. तुमच्या खात्यातल्या फुकट १५ जीबीपैकी १४.७ भरले. पट्टी लाल झालेली, आणि तिच्याखाली अगदी अदबीनं विचारलेलं असतं : महिना १३० रुपयांत १०० जीबी घेता का?

पहिले दोन-चार महिने माणूस ती सूचना बोटानं बाजूला सारतो. मग एके दिवशी मामेभावाचा फोन येतो, ‘अरे, तुला पत्रिका मेल केली होती, ती परत आली.’ कारण १५ जीबी काठोकाठ भरले की गुगल फोटोंचा बॅकअप तर थांबवतंच, जीमेलही अडवतं. मेल जात नाही आणि येतही नाही. त्या संध्याकाळी पैसे भरले जातात. भाजीबरोबर मूठभर कढीपत्ता फुकट मिळाला नाही तर भाजीवाला बदलणारी माणसं एका मिसळीचे पैसे दर महिन्याला निमूट देऊ लागतात. ते घेतात काय, तर न दिसणारी रिकामी जागा.

जागा म्हटलं की माळा आठवतो. जुन्या घरांत माळ्यावर चढायचं काम घरातल्या सगळ्यात हलक्या पोराकडे असायचं. खाली स्टूल, त्यावर पाट, स्टूल धरायला काका आणि सूचना द्यायला आजी. पोराच्या हातात विजेरी. वर तांब्याचा बंब, गोधड्यांचं गाठोडं, तळाला भोक पडलेली कढई, गणपतीचं मखर, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या आणि टीव्हीचं खोकं. टीव्ही कधीच भंगारात गेलेला, पण खोकं ‘वॉरंटीला लागेल’ म्हणून जपून ठेवलेलं. ‘तो हंडा दे. तो नाही रे, त्याच्यामागचा.’ दिवाळीआधी सगळं खाली यायचं, पुसलं जायचं, अंगणात उन्हं खायचं आणि संध्याकाळी जसंच्या तसं वर जायचं. त्यातली एखादी वस्तू कमी झालीच तर ती बोहारणीमुळे. जुन्या साड्या घेऊन ती स्टीलची पातेली द्यायची, म्हणून साड्या कपाटातून बाहेर निघायच्या. हजार फोटो घेऊन निदान एक वाटी हातावर ठेवणारं अजून कुणी जन्माला आलेलं नाही.

गुगलनं हा माळा एकदम दिला नाही. १ एप्रिल २००४ला जीमेल आलं ते १ जीबी घेऊन. तारीख अशी की पुष्कळांना ती थट्टाच वाटली, कारण इतरांची मेलपेटी तेव्हा दोन-चार एमबीची असायची. २०१३मध्ये मेल, फाइली आणि फोटो मिळून १५ जीबी झाले. मे २०१५मध्ये गुगल फोटोज आलं आणि म्हणालं, थोडे आक्रसून ठेवू, पण हवे तेवढे फोटो ठेवा, फुकट. पुढच्याच वर्षी सप्टेंबरात जिओ आलं आणि काही महिने डेटाही फुकट झाला. फुकटचं ते पौष्टिक. दोन्ही नळ एकदम सुटल्यावर कोण बादली मोजून भरतं? बारशाचे तीनशे फोटो, त्यातले दोनशे ऐंशी बाळानं डोळे मिटलेले. हळदीचं चित्रीकरण, पार्किंगची पावती, औषधाची चिठ्ठी, गॅस सिलिंडरवरचा आकडा. सगळं वर गेलं. १ जून २०२१पासून मात्र नवा फोटो १५ जीबीत मोजला जाऊ लागला. २०२४च्या सुरुवातीपासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच हिशेबात आला. तोवर तो मोजलाच जात नव्हता.

‘भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी’ असं आपण म्हणतो. इथे ओसरी देणाऱ्याला हातपाय पसरायलाच हवे होते. सामान पुरतं लागल्यावर भाडं मागायचं, हा जुन्या घरमालकांनाही न जमलेला हिशेब. यात फसवणूक म्हणावी असं काही नाही. तारीख आधी कळवली होती, आणि १ जून २०२१च्या आधी आक्रसून चढवलेले फोटो आजही मोजत नाहीत. तेवढ्यासाठी ते उगाच हलवू नयेत. काढून पुन्हा चढवले की ते नव्या हिशेबात येतात.

पैसे न भरता माळा आवरता येतो का? येतो. तासाभराचं काम आहे. पण माणसं आवरतात ते उलट्या टोकाकडून. आधी मेलवर तुटून पडतात आणि साड्यांच्या सेलच्या, कर्जाच्या मेल हजारानं उडवतात. एक मेल ७५ केबीची धरली तर हजार मेलचे झाले ७५ एमबी, म्हणजे १५ जीबीतला अर्धा टक्का. पट्टी ढिम्म हलत नाही आणि आवरणारा वैतागून १३० रुपये भरतो. धरायचं असतं ते वजनदार सामान. जीमेलच्या शोधपट्टीत इंग्रजीत ‘लार्जर’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबं आणि लगेच १०एम, मध्ये कुठेही जागा न सोडता लिहिलं की १० एमबीवरच्या तेवढ्या मेल समोर येतात. पंधरा-वीस असतात. कुणाच्या तरी लग्नाचा अल्बम, कधीतरी बघून सोडून दिलेल्या फ्लॅटचं माहितीपत्रक. गुगल ड्राइव्हमध्ये फाइली आकारानं लावून बघायच्या. आणि शेवटी कचरापेटी रिकामी करायची. हे निम्मे लोक विसरतात. जीमेल आणि ड्राइव्हची पेटी ३० दिवस सामान धरून ठेवते, आणि तोवर ते सामान तुमच्याच जागेत मोजलं जातं. फोटोंची पेटी ६० दिवस धरून ठेवते.

खरा गोंधळ होतो तो फोटोंत, कारण माळे दोन आहेत. एक फोनचा स्वतःचा, १२८ जीबी वगैरे. दुसरा खात्याचा, १५ जीबी. फोन भरला म्हणून खात्यातली जागा विकत घेणारे रोज भेटतात. पैसे भरूनही फोन म्हणतो, जागा नाही. बरोबरच आहे, भाडं शेजारच्या माळ्याचं भरलंय. उलटाही प्रकार होतो. ‘फ्री अप स्पेस’ दाबलं की बॅकअप झालेले फोटो फोनमधून जातात, खात्यातली पट्टी तिथेच राहते. आणि बॅकअप चालू असताना गुगल फोटोजमध्येच फोटो पुसला तर तो दोन्हीकडून जातो. ‘वर आहे ना, इथला काढून टाकते’ म्हणत काढलेला फोटो ६० दिवसांनी कुठेच उरत नाही.

सगळ्यात जड काय असतं, तर चलचित्र. फोर-के, सेकंदाला साठ फ्रेम अशा थाटात घेतलं तर मिनिटाला सुमारे ४०० एमबी. स्नेहसंमेलनातला दहा मिनिटांचा नाच म्हणजे ४ जीबी, आणि त्यात आपलं लेकरू तिसऱ्या ओळीत, समोरच्याच्या डोक्याआड. फोनच्या कॅमेऱ्यात १०८० हा हलका दर्जा आणि सेकंदाला तीस फ्रेम लावून ठेवले तर निम्मा प्रश्न उद्भवतच नाही. मग व्हॉट्सॲप. तिथे ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये ‘मॅनेज स्टोरेज’ आहे. अनेकदा फॉरवर्ड झालेलं आणि ५ एमबीहून मोठं, असे दोन ढीग ते स्वतःच करून देतं. शुभ सकाळ, चहाचा कप, उगवता सूर्य, खाली सुविचार. २०१७च्या डिसेंबरात गुगलनं फाइल्स गो हे ॲप आणलं आणि पुढे त्याला असली सुप्रभाती चित्रं ओळखून काढायलाही शिकवलं. आपल्या सकाळच्या शुभेच्छांची दखल अशी थेट अमेरिकेत घेतली गेली. बॅकअपच्या पानावर ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद केलं की पुढच्या बॅकअपपासून तो बराच हलका होतो.

एवढं सगळं सोपं असूनही माणूस पैसे भरतो. कारण त्याला जागा नको असते. त्याला निवडायला नको असतं.

निवडणं हे काम कसं असतं, हे ज्यानं तांदूळ निवडलेत त्याला सांगायला नको. सूप मांडीवर, उजेडाकडे तोंड, खडा बोटाला लागेपर्यंत डोळे ताणायचे, आणि एवढं करूनही एखादा जेवताना दाताखाली यायचाच. निवडलेले, पाकीटबंद तांदूळ किलोमागे चार पैसे जास्त देऊन घरोघरी आले, ते काही तांदूळ बदलला म्हणून नव्हे. फोटो निवडणं याहून वाईट. खड्याबद्दल निदान दुमत नसतं. एकाच क्षणाच्या सात फोटोंपैकी कुठला ठेवायचा? एकात आई हसतेय, पण बाबांचे डोळे मिटलेले. दुसऱ्यात बाबा ठीक, आई कुणाकडे तरी बघतेय. पाचव्या मिनिटाला वाटतं, राहू देत सगळे. १३० रुपयांत ही पंचाईत महिनाभर पुढे जाते. तिरुमलाला ३०० रुपयांचं शीघ्रदर्शन घेणाऱ्यालाही देव तोच दिसतो, वाचतं ते ताटकळणं. यूट्यूबचे महिना १४९ रुपये भरणाऱ्यालाही गाणं तेच ऐकू येतं, फक्त मध्ये कुणी टाइल्स विकत नाही. मात्र तिथे कंटाळा आला की थांबता येतं. भरलेल्या माळ्याचं भाडं थांबवणं अवघड, कारण सामान पुन्हा १५ जीबीत बसवायचं तर आता चौपट निवडावं लागणार.

भरायचेच असतील तर वर्षाचे १३०० एकदम भरावेत. महिन्यानं १५६० होतात. शिवाय तीच जागा घरातल्या आणखी पाच जणांना वाटून देता येते. ‘म्हणजे सासूबाईंना माझे फोटो दिसणार का?’ नाही दिसणार. वाटली जाते ती जागा, सामान ज्याचं त्याचं. आणि ॲप काढून टाकलं म्हणजे पैसे कापणं थांबत नाही. यूपीआयनं पैसे जात असतील तर यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन परवानगी रद्द करता येते. पैसे कापण्याच्या २४ तास आधी कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो संदेश येतोही. तो वाचला मात्र जात नाही.

ज्याच्या खात्यातून पैसे जातात तो माणूसच गेला तर? बँक खातं बंद होतं, हप्ता चुकतो, जागा पुन्हा १५ जीबी होते आणि आत असतात ६०. लगेच काही पुसलं जात नाही. पण दोन वर्षं खातं मर्यादेबाहेर राहिलं, किंवा दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर गुगल ते पुसू शकतं. यावर ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे, अगदी फुकट. आपण ३, ६, १२ किंवा १८ महिने फिरकलो नाही तर कुणाला कळवायचं आणि त्यांना काय काय द्यायचं, हे आधीच ठरवून ठेवता येतं. दहा जणांपर्यंत नावं देता येतात. दहा मिनिटांचं काम. आजोबा पेटीची किल्ली कुठल्या कोनाड्यात आहे ते सांगून ठेवायचे, तसंच.

त्या साठ जीबीत घरच्यांना हवं असतं ते फार थोडं. व्हॉट्सॲपवर आलेला चाळीस सेकंदांचा आवाज : मंडईत आहे, मेथी घेऊ की पालक, आणि मागे रिक्षांचा गोंगाट. ही फाइल जेमतेम शंभर केबीची. ‘मॅनेज स्टोरेज’ आकारानं लावलं की त्या यादीत ती अगदी तळाला जाते.