व्हाइट गोल्डवरचा रोडियमचा मुलामा

साखरपुड्याच्या अंगठीसाठी हल्ली व्हाइट गोल्डला मोठी मागणी आहे आणि ठाण्यात गोखले रोडपासून जांभळी नाक्यापर्यंत सराफांच्या काचेआड अशा पांढऱ्या शुभ्र अंगठ्या मांडलेल्या दिसतात. ती शुभ्रता सोन्याची नसून वर चढवलेल्या रोडियमची आहे, हे मात्र गिऱ्हाइकाला बहुधा वर्ष-दीड वर्षाने, अंगठी पिवळसर दिसू लागल्यावरच कळते.

सोने मुळात पिवळेच. १८ कॅरटच्या दागिन्यात ७५ टक्के सोने असते. उरलेल्या भागात पॅलेडियम किंवा निकेल आणि जोडीला चांदी, जस्त, तांबे असे धातू मिसळून तो पिवळेपणा फिका केला जातो, पण पुरता जात नाही. म्हणून वर रोडियम मारतात. रोडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला, सोन्यापेक्षा कितीतरी कठीण आणि हवेने काळा न पडणारा धातू आहे. बफ मारून, म्हणजे घासून चकाकी आणून, अगदी स्वच्छ केलेली अंगठी रोडियमच्या आम्लयुक्त द्रावणात बुडवून तिच्यातून मोजक्या व्होल्टचा वीजप्रवाह सोडला, की थोड्याच वेळात तिच्यावर थर बसतो. चांगल्या कामात हा थर पाऊण ते एक मायक्रॉनचा असतो, आणि माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, हे लक्षात घेतले म्हणजे तो झिजण्याचे नवल वाटत नाही.

माझ्या भाचीच्या अंगठीत हिरा धरणाऱ्या नख्या अजून लख्ख पांढऱ्या आहेत. तळव्याकडच्या बाजूला मात्र, जिथे लोकलमधला दांडा रोज घासतो, फिकट पिवळा पट्टा उमटला आहे. तो पाहून घरातल्या वडीलधाऱ्यांनी थेट भेसळीचा संशय घेतला. वास्तविक झिजतो तो मुलामा. सोन्याची शुद्धता त्याने कमी होत नाही. आतल्या बाजूला कोरलेला सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपवर घालून पाहिला, तेव्हा कुठे घरात शांतता झाली. माझा राग दुकानदारावर आहे, कारण घडणावळीचा हिशेब समजावून सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी रोडियमचा उच्चारही केला नव्हता.

मुलामा पुन्हा चढवता येतो. मात्र प्रत्येक वेळी बफिंगमध्ये सोन्याचा किंचित अंश जातो, त्यामुळे दर सणाला अंगठी चमकवून आणण्याची हौस बरी नव्हे. कानातली फारशी घासली जात नसल्याने त्यांच्यावरचा थर बराच अधिक टिकतो.

खरेदीच्या वेळी थराची जाडी आणि पुन्हा रोडियम मारण्याचा खर्च विचारावाच, पण त्याआधी सोन्यात निकेल आहे की पॅलेडियम, हे विचारावे. ज्यांना निकेलने खाज सुटते त्यांना नव्या अंगठीचा सहसा त्रास जाणवत नाही. थर झिजून निकेलचा मिश्रधातू त्वचेला लागू लागला की तो सुरू होऊ शकतो. अशांनी पॅलेडियमचे व्हाइट गोल्ड मागावे, नाहीतर मुलाम्याची गरजच नसलेले ९५० शुद्धतेचे, म्हणजे हजारात ९५० भाग शुद्ध असलेले, प्लॅटिनम घ्यावे.