लाल भोपळ्याची किब्बे

किब्बे म्हणजे बुलगूर (भरडलेला गहू) मळून, थापून केलेला पदार्थ. लेबनॉनमध्ये किब्बे म्हटलं की मटण आणि बुलगूर हे ठरलेलं. पण ईस्टरच्या आधीच्या उपवासात तिथली ख्रिस्ती कुटुंबं, मारोनी पंथाची असोत की ऑर्थोडॉक्स, मांस बंद करतात आणि त्याच गोल परातीत लाल भोपळा येतो. या किब्बेला कुणी ‘मटणाची बदली’ म्हटलं की मला राहवत नाही. तिची चव तिची स्वतःची आहे.

बैरूतला राहत असताना शेजारच्या आजींनी मला ही शिकवली. त्यांचा सगळा जीव भोपळ्याच्या पाण्यावर. उकडलेला भोपळा कापडात बांधून त्या रात्रभर वजनाखाली ठेवायच्या आणि सकाळी पुन्हा पिळायच्या. बुलगूर बारीक घ्यायचा आणि कोरडाच मळायचा. तो मुळातच गहू उकडून, वाळवून, भरडून केलेला असतो, त्यामुळे भोपळ्यात उरलेला ओलावा त्याला पुरतो. वेगळा भिजवलात तर गोळा सैल पडलाच म्हणून समजा. सोबत किसलेला कांदा, मीठ, दालचिनी आणि मिळून येण्यापुरती कणीक.

सारण आंबट हवं, कारण भोपळा गोड. ऑलिव्ह तेलात भरपूर कांदा, त्यात चार्डची (पालकासारख्या पालेभाजीची) चिरलेली पानं, शिजवलेले छोले, अक्रोड, सुमाक (आंबट लाल फळांची पूड) आणि डाळिंबाचा घट्ट आटवलेला रस. सुमाक टाकताना आजी हात आखडता घेत नसत, मीही घेत नाही.

परातीत भोपळ्याच्या गोळ्याचा एक थर खाली, मध्ये सारण, एक थर वर. खालचा थर सोपा. वरच्या थराला मात्र कसब लागतं: ओल्या तळव्यावर लहान पाऱ्या थापायच्या, सारणावर शेजारी शेजारी ठेवायच्या आणि बोटं पाण्यात बुडवून सांधे पुसून टाकायचे. एकच मोठी पोळी पसरायला गेलं की सारण सरकतं. मग सुरीने शंकरपाळ्यांसारखे काप पाडायचे, मधोमध बोटाने भोक पाडायचं आणि वरून सढळ हाताने तेल. ओव्हनमध्ये २०० अंश सेल्सिअसवर पाऊण तास, कडा चांगल्या तांबूस होईपर्यंत.

बाहेर काढल्यावर लगेच हात लावू नका, गरम असताना काप मोडतात. ही कोमटच खायची, ऑलिव्ह आणि सलगमच्या गुलाबी लोणच्यासोबत. दुसऱ्या दिवशी गार खाल्ली तर सुमाक आणखी छान लागतो, म्हणून मी परात मोठीच लावते.