आप्पांच्या पखवाजाची कणीक

आप्पा गेले त्याला आता पाच महिने होतील. माघातली गोष्ट. देवळात एकादशीचं भजन चाललं होतं, अर्ध्यावर त्यांनी पखवाज बाजूला सरकवला, "गुर्जी, चालू द्या तुमचं, मी आलो," म्हणाले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. आम्ही टाळांवर पुढचा अभंग घेतला. त्याच पहाटे आप्पा गेले.

आता वारी तोंडावर आली आहे. दिंडीची भिशी गोळा झाली, ट्रक ठरला, तंबूची कापडं उन्हात घालून झाली. आणि मला रोज संध्याकाळी त्यांची आठवण येते, म्हणून लिहायला बसलो.

मी आमच्या दिंडीतला चालदार. म्हणजे अभंगाची चाल आधी मी म्हणायची आणि मग टाळकऱ्यांनी ती उचलायची. आप्पा पखवाजी. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात मी शाळेवर बदलून आलो तेव्हापासून त्यांच्या शेजारी उभा राहिलो. वयानं ते माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, तरी मला शेवटपर्यंत अहो-जाहोच केलं. शिक्षकाला अरे-तुरे करायचं नाही, हा त्यांचा नेम होता.

पखवाज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे हात येतात. मला कणीक दिसते. उजव्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या कातड्यावर, शाईचा काळा गोल असतो, तो कायमचा. डाव्या बाजूला, धुमेला, दर वेळी ताजी कणीक लावावी लागते. त्याशिवाय तो घुमारा येतच नाही. काकू चपात्यांच्या पिठात मीठ-तेल पडायच्या आधी एक गोळा बाजूला काढून ठेवायच्या. आप्पा तो ओल्या फडक्यात गुंडाळून देवळात आणत. आधी कातडं पाण्याच्या बोटांनी ओलं करायचं. मग गोळा मधोमध ठेवून अंगठ्यानं बाहेर दाबत न्यायचा. मध्ये जाड, कडेला पापडासारखा पातळ. मग एक थाप. मान थोडी वाकडी करून ऐकायचे. आवाज खाली गेला असेल तर चिमूटभर काढायची, वर राहिला असेल तर चिमूटभर चिकटवायची. वाजवता वाजवता कणीक सुकते, म्हणून मांडीजवळ पाण्याची वाटी. भजन संपलं की लोक प्रसादाकडे वळायचे, आणि आप्पा एकटे बसून ती सगळी खरवडून काढायचे, ओल्या फडक्यानं पुडी पुसायचे. राहिली तर उंदीर कणकेबरोबर कातडंही कुरतडतात. काढलेले तुकडे देवळामागच्या लिंबाखाली मुंग्यांना टाकायचे. हे मी किती वर्षं बघत आलो, पण एकदाही हात लावला नाही. मी चालदार, मला फक्त माझ्या गळ्याची काळजी.

आणि त्या गळ्याची खरी काळजी आप्पांनाच होती. आमचं भजन काळी चारमध्ये, म्हणजे पेटीच्या उंच पट्टीत. एका वर्षी लोणंदच्या मुक्कामात हरिपाठाला मी वरची चाल घेतली. दिवसभर उन्हात चालून गळा सुकलेला. तिसऱ्या चरणाला आवाज फाटणार हे मला कळलं, आणि माझ्या आधी अर्धा क्षण त्यांना कळलं. साधा ठेका सोडून त्यांनी एकदम बोल भरायला सुरुवात केली, धुमेवर असा काही हात टाकला की टाळकरी खूश होऊन उड्या मारायला लागले. दोन आवर्तनं मी नुसता उभा होतो. मग समेवर येऊन त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ठेका पुन्हा साधा केला. मी खालच्या चालीत उचललं. कुणालाही काही कळलं नाही. हरिपाठ संपल्यावर एवढंच म्हणाले, "पाणी प्या, गुर्जी."

हल्ली पखवाजावर हात किती पळतो तेच बघतात. मोबाईलवर तेवढाच तुकडा फिरतो. आप्पांनाही हात होता. रात्री तंबूत कुणी आग्रह केला तर चौताल वाजवायचे. धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिटे कत गदि गन. बारा मात्रा, एकेक अक्षर सुटं. तरुणपणी अंबाजोगाईकडे जाऊन पद्मश्री शंकरबापू आपेगावकरांना ऐकलं होतं, ती रात्र ते अधूनमधून सांगायचे. वारकऱ्याच्या घरातला माणूस पखवाज घेऊन एवढ्या मोठ्या बैठकींपर्यंत गेला, याचा त्यांना घरचा असावा तसा अभिमान. पण भजनाला बसले की गाणाऱ्याचे शब्द झाकतील असं काही वाजवायचे नाहीत. मला हेच वादन मोठं वाटतं, आणि हे शिकवणारी माणसं आपण फार पटापट गमावतो आहोत.

दिवे घाट चढताना तर बघण्यासारखं असायचं. दहा किलोच्या वरचं ते खैराचं खोड गळ्यात, पट्टा मानेत रुतलेला, वर पाऊस. पुड्यांवर प्लॅस्टिकचा कागद बांधून त्यावरच वाजवायचं. हवेनं कातडं सैल पडून सूर उतरतो, मग विसाव्याला बसून हातोडीनं पुडीच्या कडेचा गजरा ठोकायचा, चामड्याच्या पट्ट्यांखालचे लाकडी गट्टे सरकवायचे. चढाला ते लय मुद्दाम खाली आणायचे. पुढच्या-मागच्या दिंड्या जोरात असल्या तरी आमची पावली त्यांच्या हातानं पडायची. म्हातारी माणसं घाटमाथ्यावर न बसता पोचायची ती त्यामुळे, असं मला अजूनही वाटतं.

२०२० साली पायी वारी नव्हती. माऊलींच्या पादुका ३० जूनला एसटीनं पंढरपुराला निघाल्या. त्या दिवशी आप्पांनी ओट्यावर सतरंजी टाकली, कणीक लावली, तोंडाला उपरणं बांधलं आणि मला फोन केला, "रस्त्यावर उभं राहून म्हणा, लांबनं म्हणा, पण म्हणा." मी त्यांच्या फाटकाबाहेर उभा राहून म्हणालो. मध्ये सहा-सात हात अंगण. त्या दिवसासारखा मी पुन्हा कधी गायलो नाही.

तेराव्यानंतर देवळातलं कपाट उघडलं. पखवाज कुणीतरी तसाच आत ठेवून दिला होता. धुमेवर त्या रात्रीची कणीक. दगडासारखी झालेली, मधोमध तडा गेलेला, आणि एका कडेला त्यांच्या अंगठ्याचे दाबाचे ठसे, एकापुढे एक, पाच. मी बराच वेळ ते बघत बसलो. मग ओलं फडकं घालून ठेवलं. तासाभरानं नखानं काढायला लागलो. थोडं कातडं उंदरांनी एका बाजूनं खाल्लंच होतं, पण फार नाही. तुकडे मी लिंबाखाली टाकून आलो.

नवी पुडी आता घालून आणली आहे. यंदा त्यांचा नातू वाजवणार, कॉलेजात जातो. परवा त्यांच्या पडवीत आम्ही दोघं बसलो. त्यानं विचारलं, "गुर्जी, कणीक किती लावायची?" मला सांगता येईना. त्यानं लावली, थाप मारली. मलाही तो आवाज बरोबर वाटला.

आत काकू भाकरी थापत होत्या. थापण्याचा आवाज थांबला.

"जड झाली रं," त्या आतूनच म्हणाल्या. "चिमूटभर काढ."

त्यानं चिमूटभर काढली.

"अजून वाईच."

त्यानं आणखी काढली आणि थाप मारली. भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.